‘डेरिव्हेटिव्ह’ : एका टीकाशब्दाची मीमांसा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या एका मुलीनें आपली एक कथा माझ्याकडे वाचावयास आणून दिली. ही कथा तिनें आधीं दुसऱ्या एका जाणत्या वाचकास दाखविली होती, आणि त्या गृहस्थांनीं शेवटच्या पानाच्या समासांत तांबड्या शाईनें एकच इंग्रजी शब्द लिहून ती परत केली होती : ‘डेरिव्हेटिव्ह’. मुलगी पदवीधर आहे. तेव्हां शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता असें नाहीं. तिनें कोशही उघडून पाहिला होता. “काका, कोशांत ‘दुसऱ्यापासून निघालेलें’ असें दिलें आहे,” ती म्हणाली, “पण हें नुसतें वर्णन आहे, कीं हा गुन्हा आहे? आणि गुन्हा असेल तर मीं लिहिणें थांबवावें काय?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर मला तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. आपण टीका लिहिणारे लोक हा शब्द, किंवा ‘उसनें’, ‘अनुकरणात्मक’, ‘पाश्चात्त्य छायेचें’ हे त्याचे मराठी भाऊबंद, इतक्या सराईतपणें वापरतों कीं त्यांनीं आपण नेमकें काय सांगतों याचा विचार करण्याची गरजच आपणांस भासत नाहीं. परीक्षणाच्या दोन ओळींत तो शब्द सहज बसतो. वाचणाऱ्यास तो विद्वत्तेचा वाटतो, आणि लिहिणाऱ्यास पुढें कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. परंतु ज्याच्यावर तो पडतो त्याची लेखणी त्यानें कायमची थांबूं शकते. एवढें सामर्थ्य ज्या शब्दांत आहे, त्याची धार कोणत्या बाजूस आहे हें तो हातीं घेण्यापूर्वीं पाहून घेणें अवश्य आहे. म्हणून मुलीला मीं चार दिवसांनीं येण्यास सांगितलें. आणि त्या चार दिवसांत जो विचार झाला तोच येथें वाचकांपुढें मांडीत आहे. कथा कशाची होती, आणि ती खरोखरच ‘डेरिव्हेटिव्ह’ होती कीं काय, हें ओघानें पुढें येईलच.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. त्याचें मूळ लॅटिन आहे. ‘रीव्हुस’ म्हणजे ओढा. आणि ‘डेरीव्हारे’ म्हणजे त्या ओढ्याचें पाणी फोडून दुसरीकडे नेणें. म्हणजे जन्मतः हा शब्द ग्रंथालयांतला नव्हे, शेतांतला आहे. आपल्याकडे धुळ्याच्या बाजूस पांझरा नदीवर बंधारे घालून पाटानें पाणी फडांत नेण्याची जुनी पद्धत आहे. तेथल्या पाटकऱ्याला या लॅटिन शब्दाचा अर्थ समजावून सांगण्यास एक क्षणही लागणार नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, इंग्रजींतील ‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी हा शब्दही याच ओढ्यांतून निघाला आहे : एकाच ओढ्याचें पाणी घेणारे ते एकमेकांचे ‘रायव्हल’. पाणी घेतांना भांडण होऊं शकतें, हें शब्दाला ठाऊक आहे. परंतु पाणी घेणें हीच लाजेची गोष्ट आहे असें मूळ शब्दांत कोठेंही सुचविलेलें नाहीं.

पुढें हा शब्द अनेक शास्त्रांत शिरला, आणि तेथेंही त्यानें आपली निष्पक्षपाती वृत्ति सोडली नाहीं. व्याकरणांत मूळ शब्दापासून सिद्ध झालेल्या शब्दाला ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणतात. आपण त्याला साधित शब्द म्हणतों, आणि ‘माणूस’ या शब्दापेक्षां ‘माणुसकी’ हा शब्द हलक्या प्रतीचा आहे असें कोणी मानीत नाहीं. गणितांत एखादी राशि किती वेगानें बदलते हें सांगणाऱ्या दुसऱ्या राशीस हेंच नांव आहे. रसायनांत सॅलिसिलिक आम्लापासून होणारें ॲस्पिरिन हें त्या आम्लाचें ‘डेरिव्हेटिव्ह’. आणि डोकें दुखूं लागलें म्हणजे घरोघर आठवण होते ती या साधित द्रव्याची, मूळ आम्लाची नव्हे. आपल्या शेअरबाजारांत २००० सालीं निर्देशांकाच्या वायद्यांपासून ज्या ‘डेरिव्हेटिव्ह’ व्यवहारांस प्रारंभ झाला, त्यांच्या नांवाचाही अर्थ एवढाच कीं त्यांची किंमत दुसऱ्या कशाच्या तरी किंमतीवर अवलंबून असते. या चारी ठिकाणीं शब्द उगम सांगतो. योग्यता सांगत नाहीं. वाङ्मयाच्या दालनांत पाऊल टाकतांच मात्र तोच शब्द उगम सांगण्याच्या निमित्तानें निकाल देऊं लागतो. ‘हें अमक्यापासून निघालें आहे’ या विधानापासून ‘म्हणून हें निकृष्ट आहे’ या विधानापर्यंत पोंचण्यास मध्यें एक पायरी लागते. ती पायरी गाळली जाते, आणि ती गाळली गेल्याचें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. माझी तक्रार आहे ती एवढीच.

या शब्दाला त्याच्या शेजाऱ्यांपासूनही निराळा ओळखला पाहिजे. कारण आपण पुष्कळदां यांची गल्लत करतों. इंग्रजींत निर्जीव, जुन्या वळणाच्या लेखनाला नांवें ठेवणारे शब्द विपुल आहेत. ‘हॅकनीड’ म्हणजे भाड्याच्या घोड्यासारखें, ज्याच्या पाठीवर येईल तो बसून गेला आहे असें. ‘ट्राइट’ म्हणजे घासून गेलेलें. ‘बॅनल’ हा शब्द सरंजामी फ्रान्समधील, जमीनदाराच्या ज्या गिरणींत किंवा भट्टींत साऱ्या रयतेला आपलें दळण व भाजण न्यावेंच लागे त्या सामाईक व्यवस्थेवरून आलेला. ‘क्लीशे’ आणि ‘स्टीरिओटाइप’ हे तर छापखान्यांतले. ओतून ठेवलेला ठसा पुनःपुन्हां उमटवावयाचा एवढाच त्यांचा मूळचा धंदा. हे सगळे शब्द झिजेसंबंधीं बोलतात. सुंदर मुखाला चंद्राची उपमा देणें आज झिजलेलें आहे, परंतु तें कोणा एकाचें उसनें नाहीं. उलट एखादी अपरिचित परदेशी कल्पना प्रथमच मराठींत आणली, तर ती उसनी असेल, परंतु झिजलेली खचित नसेल. दुसऱ्या बाजूस चोरीचा शब्द आहे : ‘प्लेजिअरी’. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ माणसें पळवून नेणारा असा होता, आणि पहिल्या शतकांतील रोमन कवि मार्शल यानें आपल्या कविता स्वतःच्या म्हणून मिरविणाऱ्या इसमास तो लावला. म्हणजे झीज हा एक दोष, चोरी हा दुसरा. आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ हा शब्द या दोहोंपैकीं कोणताच आरोप सिद्ध करीत नाहीं. तथापि तो उच्चारला कीं दोन्ही आरोपांची सांवली लेखकावर पडते. न्यायालयांत असें चालत नाहीं. टीकेंत कां चालावें?

आतां कोणी म्हणेल कीं, वाङ्मयाची गोष्ट निराळी. येथें स्वतंत्रता हाच मुख्य गुण आहे, म्हणून उगम दुसरीकडे निघाला कीं निकाल आपोआप लागतो. ही समजूत आज इतकी रुळलेली आहे कीं ती अनादि आहे असें वाटतें. परंतु इंग्रजी वाङ्मयांत तिचा उदय बऱ्याच अंशीं अठराव्या शतकांतला आहे. एडवर्ड यंग या कवीनें १७५९ सालीं स्वतंत्र रचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रतिभेच्या मुळांतून आपोआप वाढणारी वनस्पति म्हणजे स्वतंत्र कृति, आणि बाहेरून आणलेल्या सामग्रीची कारागिरानें केलेली जुळणी म्हणजे अनुकरण, असा भेद त्यांत त्यानें केला. आणि हा विचार इंग्लंडपेक्षांही जर्मनींत अधिक उत्साहानें उचलला गेला. त्यापूर्वीं युरोपांतल्या पाठशाळांतून विद्यार्थी सिसेरो आणि व्हर्जिल यांचें अनुकरण करूनच लिहावयास शिकत, आणि उत्तम आदर्श निवडणें ही विद्वत्तेची खूण समजली जाई. यंगनें जें सांगितलें त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. निर्जीव अनुकरणाला कंटाळलेल्या पिढीला त्या औषधाची जरूर होती. परंतु औषध हें अन्न झालें म्हणजे प्रकृति बिघडते.

यंगच्या या मापानें प्रत्यक्ष शेक्सपिअरला मोजून पाहावें. प्लुटार्कनें ग्रीक भाषेंत लिहिलेलीं चरित्रें जाक आमियो यानें १५५९ मध्यें फ्रेंच भाषेंत आणलीं; त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थनें १५७९ मध्यें तीं इंग्रजींत उतरविलीं; आणि नॉर्थच्या त्या इंग्रजी ग्रंथावरून शेक्सपिअरनें आपलीं रोमन नाटकें रचलीं. पाट फुटून पाट, आणि त्यालाही पुन्हां पाट! क्लिओपात्रा नौकेंतून अँटनीच्या भेटीस येते त्या सुप्रसिद्ध वर्णनांत तर नॉर्थच्या गद्याची शब्दयोजनासुद्धां ओळखूं येते. मग शेक्सपिअरनें केलें काय? ग्रंथांत जें वर्णन चरित्रकाराच्या तोंडीं आहे, तें त्यानें एनोबार्बस या रांगड्या, थट्टेखोर शिपाईगड्याच्या तोंडीं घातलें. ज्याला कशाचें कौतुक म्हणून नाहीं त्याचीच वाणी त्या नौकेपाशीं येतांच रसवंती होते, आणि अँटनीसारखा सेनापति तेथें कां गुंतून पडला हें प्रेक्षकाला निराळें सांगावें लागत नाहीं. शब्द पुष्कळसे नॉर्थचे. परंतु ते कोणीं, केव्हां आणि कोणाच्या मनाविरुद्ध उच्चारावे ही योजना शेक्सपिअरची. ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणून लेखणी खालीं ठेवणारा टीकाकार एवढें पाहण्यापूर्वींच घरीं परतलेला असतो.

आपल्या रंगभूमीवरही असाच तीन ओढ्यांचा एक पाट आहे. मोलिएरनें १६६० मध्यें पॅरिसमध्यें ‘स्गानारेल’ हें एकांकी प्रहसन केलें. त्यावरून आर्थर मर्फीनें १७६१ मध्यें ‘ऑल इन द राँग’ हें पांच अंकी इंग्रजी नाटक रचलें. आणि मर्फीवरून गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक लिहिलें. त्याचेंच संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ या नांवानें १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच वर्षीं देवल निवर्तले. हातून पडलेली तसबीर, ती भलत्याच्या हातीं सांपडणें, आणि तीवरून एका घरांतील नवराबायकोंत व दुसरीकडे दोन प्रेमिकांत एकाच वेळीं उसळलेला संशय, हा नाटकाचा सारा सांगाडा परका आहे. तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु मोलिएरची सेली ही एका सुखवस्तु पॅरिसकर गृहस्थाची मुलगी आहे. मर्फीची बेलिंडाही कुलीन घराण्यांतली आहे. देवलांची रेवती मात्र मघा नायकिणीची मुलगी आहे. या एका फरकानें संशयाचें स्वरूपच पालटून जातें. ज्या कुळाच्या ठायीं निष्ठा संभवतच नाहीं असें समाज धरून चालतो, त्या कुळांतील मुलीच्या निष्ठेवर अश्विनशेठला विश्वास ठेवावयाचा आहे. त्याचा संशय म्हणजे केवळ त्याच्या स्वभावाचा उतावळेपणा राहत नाहीं. तो समाजानें त्याच्या कानांत आधींच घालून ठेवलेला आहे. आणि रेवतीचा संताप म्हणजे एका प्रेयसीचा रुसवा राहत नाहीं. आपल्या जन्मावरून आपली परीक्षा होते याचा तो संताप आहे. पात्रांना महिन्यांचीं आणि नक्षत्रांचीं नांवें देऊन देवलांनीं आपल्या पंचांगाची जी खुमारी नाटकाला आणली ती तर निराळीच. पाणी पॅरिसचें असेल. पीक येथल्या मातींतलें आहे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर हें विवेचन म्हणजे उसनवारीची वकिली व्हावयाची. आपल्याकडे अशीं रूपांतरें पुष्कळ झालीं आहेत कीं ज्यांत बर्फाच्या जागीं पाऊस आला, ‘मिस्टर’च्या जागीं ‘राव’ आले, आणि बाकीचें सारें जसेंच्या तसें राहिलें. तेथें पात्रें आपल्या नांवांनीं वावरतात. परंतु रागावतात, लाजतात आणि क्षमा मागतात तीं दुसऱ्याच घराच्या रीतीनें. पाट शेतापर्यंत आला, पण शेत भिजलें नाहीं. अशा ठिकाणीं दोष दाखविणें हें टीकाकाराचें कर्तव्यच आहे. प्रश्न असा कीं, ‘संशयकल्लोळ’ आणि हीं रूपांतरें या दोहोंना एकच शब्द लागू पडत असेल, तर त्या शब्दाचा टीकेला उपयोग काय? याहून बारीक माप कोठें मिळेल काय?

तें मिळतें, आणि फार लांब जावें लागत नाहीं. ज्या १९१६ सालीं ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलें, त्याच सालीं बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ छापून प्रसिद्ध झाली. राजशेखर हा इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारीं होता. या ग्रंथांत त्यानें काव्यांतील उचलेगिरीवर एक दोन वाक्यें नव्हेत, तर अध्यायच्या अध्याय खर्ची घातले आहेत. कवि आणि वाणी यांत चोर नाहीं असा कोणीच नसतो, असें तो हंसत हंसत मान्य करतो, आणि मग एखाद्या कुशल सराफाप्रमाणें कस लावावयास बसतो. त्याच्या मतें काव्यांतील अर्थ तीन प्रकारचे : ज्याचा उगम उघड उघड दुसरीकडे आहे तो ‘अन्ययोनि’, ज्याचा उगम झांकला गेला आहे तो ‘निह्नुतयोनि’, आणि ज्याला दुसरा उगमच नाहीं तो ‘अयोनि’. इंग्रजी ‘डेरिव्हेटिव्ह’ला चपखल बसणारा ‘अन्ययोनि’ हा शब्द आपल्याजवळ हजार वर्षांपूर्वींच होता. परंतु राजशेखर तेथें थांबला नाहीं, हें महत्त्वाचें आहे.

पहिल्या दोन प्रकारांचे त्यानें आणखी दोन दोन भाग केले. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना बदललेली, तें ‘प्रतिबिंबकल्प’, आरशांतल्या रूपासारखें. तोच अर्थ थोड्याशा संस्कारानें निराळा भासणारा, तें ‘आलेख्यप्रख्य’; चित्रासारखें. विषय भिन्न असूनही अत्यंत सादृश्यामुळें एकच वाटावे असे दोन अर्थ, तें ‘तुल्यदेहितुल्य’. दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांप्रमाणें. आणि मुळाशीं ऐक्य असूनही ज्याचा सारा परिवार, सारी मांडणी अगदीं दूरची आहे, तें ‘परपुरप्रवेशसदृश’. योगी परकायाप्रवेश करतो त्याप्रमाणें. त्याच्या आधींच काश्मिरांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतांत असाच विचार केला होता. त्याचा निकालही स्पष्ट आहे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाहीं, म्हणून तें टाकावें. चित्राचा आत्मा तुच्छ, म्हणून तेंही टाकावें. परंतु देह सारखा असला तरी ज्यांत स्वतःचा जीव आहे, त्याचा त्याग करण्याचें कारण नाहीं. दोन माणसांचे चेहरे सारखे आहेत म्हणून त्यांतला एक खोटा असें कोणी म्हणत नाहीं. रसाचा संबंध झाला कीं जुने अर्थ वसंतांतल्या झाडांसारखे नवे दिसतात, असें त्याचें सांगणें आहे. सारें जग व्यासांचें उष्टें आहे असें अभिमानानें म्हणणाऱ्या परंपरेंत ही चर्चा व्हावी हें स्वाभाविकच होतें. ज्या भाषेंत कवींनीं शतकानुशतकें रामाचीच कथा सांगितली, तेथें ‘हें कोणाचें?’ या प्रश्नानें टीका संपणें शक्यच नव्हतें. ‘याचें यानें काय केलें?’ असें विचारावेंच लागे.

येथें अभिमानानें फुगून जाण्याचें कारण नाहीं. हीं मापें प्रायः एकेका श्लोकाच्या कल्पनेसाठीं केलेलीं आहेत. कथेला किंवा नाटकाला तीं लावतांना ओढाताण होते, आणि चार प्रकारांची नांवें पाठ केल्यानें रसिकता येत नाहीं. परंतु या आचार्यांची वृत्ति घेण्यासारखी आहे. उगम सांपडला म्हणजे त्यांची परीक्षा सुरू होते. आपली तेथें संपते.

हें माप हातीं घेऊन मीं मुलीची कथा पुन्हां वाचली. तांबड्या शाईचा आरोप निराधार नव्हता. कथेचा उगम चेकॉव्हच्या ‘टोस्का’ या १८८६ सालच्या कथेंत आहे, आणि ती कथा वाचलेल्या कोणासही तें ओळखूं येईल. पीटर्सबर्गमधील आयोना हा म्हातारा गाडीवान. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे. बर्फ पडत असलेल्या रात्रीं तो एकामागून एक आलेल्या उतारूंना आपलें दुःख सांगूं पाहतो. परंतु ऐकावयास कोणालाही वेळ नाहीं. शेवटीं तबेल्यांत जाऊन तो तें आपल्या घोडीला सांगतो. मुलीच्या कथेंत पुण्यांतला एक रिक्षावाला आहे, आणि त्याचाही मुलगा वारला आहे. चेकॉव्हच्या गाडींत प्रथम एक लष्करी अधिकारी बसतो, तर हिच्या रिक्षेंत एक फौजदार. तेथें तीन उनाड तरुण, येथें कॉलेजांतले तीन विद्यार्थी. तेथें बर्फ, येथें पाऊस. कथेचीं पहिलीं पांच पानें हीं अशीं आहेत. राजशेखराच्या भाषेंत हें आलेख्यप्रख्य झालें : चित्र रेखीव आहे, पण समोर कोणी बसलें होतें म्हणून काढलेलें आहे.

शेवट मात्र तसा नाहीं. रिक्षेला घोडी नसते; तेव्हां चेकॉव्हनें उघडलेलें दार येथें बंद आहे, आणि या ठिकाणीं मुलीला स्वतःच वाट काढावी लागली. रात्रीं बाराच्या सुमारास तो माणूस रिक्षा एका बंद दुकानाच्या पायरीशीं उभी करतो, मीटर टाकतो, आणि मागच्या मोकळ्या बाकाकडे पाठ करून, रोज उतारूशीं बोलावें तसा, मुलासंबंधीं बोलूं लागतो. गाडी उभी असली तरी थांबण्याचा आकार चढत असतो. मीटरवरचा आंकडा हलत राहतो. बोलणें संपतें तेव्हां तो मागें वळून आंकडा पाहतो, खिशांतून तेवढे पैसे मोजून काढतो, आणि आपले आपणच दुसऱ्या खिशांत टाकतो. एवढेंच. हें चेकॉव्हमध्यें नाहीं, आणि असूंही शकलें नसतें. तेथें मुकें जनावर ऐकून घेतें, हें कारुण्य आहे. त्यांत उबेचा एक अंश आहे. येथें ऐकणारें कोणी नाहीं. ज्या शहरांत प्रत्येक मिनिटाला दर आहे तेथें दुःख सांगण्याच्या वेळेचेंही भाडें द्यावें लागतें, आणि तो प्रामाणिक माणूस तें देतो. मुळाशीं ऐक्य आहे. परंतु परिवार अगदीं निराळा. राजशेखरानें याला परपुरप्रवेश म्हटलें असतें, आणि मला वाटतें, मानही डोलाविली असती.

म्हणजे एकाच कथेच्या दोन भागांना दोन निराळे न्याय लागू पडतात. पहिल्या भागाबद्दल तो तांबडा शब्द खरा होता. शेवटाबद्दल तो खोटा होता. आणि तो लिहिलेला होता नेमका शेवटच्या पानावर! त्या गृहस्थांना चेकॉव्ह ठाऊक होता, हें त्यांच्या वाचनाचें भूषणच आहे. परंतु ओळखीचा चेहरा दिसतांच त्यांनीं वाचणें थांबविलें असावें. ‘कोठून?’ याचें उत्तर मिळाल्यावर ‘कोठपर्यंत?’ हें विचारावयाचें राहून गेलें. बहुश्रुतपणाचा हा धोका प्रस्तुत लेखकासही चुकलेला नाहीं. म्हणून दुसऱ्याचें उणें काढण्याच्या हेतूनें हें लिहीत नाहीं.

चार दिवसांनीं मुलगी आली तेव्हां मीं तिला सांगितलें तें असें. ‘डेरिव्हेटिव्ह’ असणें हा गुन्हा नाहीं, आणि तें सद्गुणही नाहीं. तो पत्ता आहे. पत्ता लपवूं नये. कथेच्या शिरोभागीं चेकॉव्हचें ऋण एका ओळींत मान्य करावें. त्यानें कथा लहान होणार नाहीं, उलट वाचकाला दोन्ही कथा शेजारीं ठेवून पाहतां येतील, आणि शेवटचें पान कोणाचें आहे हें आपोआप सिद्ध होईल. फौजदार आणि तीन विद्यार्थी हे पुण्याच्या रस्त्यावरून आलेले नसून अनुवादाच्या पुस्तकांतून आलेले आहेत. त्यांना उतरवून टाकावें, आणि ज्या माणसानें शेवटीं दोन खिशांचा हिशेब केला तो दिवसभर कोणाकोणाला घेऊन फिरला असेल हें त्यालाच विचारून पुन्हां लिहावें. लिहिणें थांबविण्याचा प्रश्नच येत नाहीं. थांबवावयाचें तें पांचव्या पानापर्यंतचें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग हें त्यांनीं असें कां लिहिलें नाहीं?” याचें उत्तर मजजवळ नव्हतें. असें लिहिण्यास एक पान लागतें, आणि त्यांनीं एकच शब्द लिहिला, एवढेंच सांगतां आलें.

परीक्षणें लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंस यावरून एवढीच विनंति कीं, हा शब्द अगर त्याचा कोणताही मराठी पर्याय वापरावयाचा झाल्यास त्याच्या मागोमाग तीन गोष्टी द्याव्या : पाणी कोणत्या ओढ्याचें, पाट कोणत्या वाटेनें आणला, आणि शेवटीं भिजलें काय. पहिली गोष्ट सांगणें हा वाचनाचा भाग आहे. दुसरी सांगणें हा अभ्यासाचा. तिसरी सांगणें हीच टीका. आणि ज्या घरांतून हीं मासिकें वाचलीं जातात, जेथें मुलांच्या वह्यांत कधीं कधीं अशी एखादी कथा लिहिलेली सांपडते, तेथील वडीलधाऱ्या मंडळींसही हीच विनंति आहे. ‘हें कुठून उचललेंस?’ असें विचारण्यास हरकत नाहीं. परंतु तो प्रश्न विचारून झाल्यावर कथा शेवटपर्यंत वाचावी.